टाकी भरेपर्यंत

आमच्या कूलरची टाकी भरायला
अठरा मिनिटं लागतात.
नळाला जोर नसला तर बावीस.
हे मला बेचाळीस वर्षं माहीत नव्हतं.

आणि मी कूलर दुरुस्त करणारा माणूस.
तांडापेठपासून मानेवाड्यापर्यंत
लोकांच्या खिडक्यांना लटकलेला.
पंप बदलायचा, वाळा भरायचा, दोनशे घ्यायचे,
ते दोनशे घरी पोचायच्या आधीच
गोळीबार चौकात उतरून जायचे.
स्वतःच्या घरचा कूलर
तीन उन्हाळे नुसती गरम हवा फेकत होता.
त्रिवेणी ओला टॉवेल अंगावर घेऊन अभ्यास करायची.
मे महिना होता, पुढे दहावी होती.
हे वाक्य मीटिंगमध्ये
मला अजून शेवटपर्यंत बोलता येत नाही.

आज शहाण्णव दिवस.
याआधी एकदा एकशे चार झाले होते,
मग मेव्हण्याच्या वरातीत पुन्हा शून्य.
म्हणून आकड्याचे फार लाड करत नाही.

निनावे मास्तर एकवीस वर्षं कोरडे.
इतवारीत मिरचीच्या पोत्यांचा हिशेब लिहितात.
पहिल्या आठवड्यात म्हणाले,
"तलफ येते तशी जाते बी, बापू.
तिच्यासंगं कुस्ती काहून खेळून राहिला?
तिले खुर्ची दे. बसू दे. तू आपलं काम कर."
कोणतं काम?
"जेवला का आज?"
नव्हतो जेवलो.
"मंग ते पहिलं."

मला वाटलं होतं, शपथ असेल.
अंगारा, गळ्यात काळा दोरा,
आईच्या डोक्यावर हात.
ते सगळं करून झालं होतं,
आईचं डोकं झिजलं होतं शपथांनी.
दुपारचा डबा दुपारी खा
एवढं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.
की राग आला तर आधी बघ,
काल रात्री झोपलास किती.

तर डबा खातो.
रस्ता बदललाय, दोन किलोमीटर जास्त,
पेट्रोल जातं, जाऊ दे.
रात्री पायांना तेल लावतो. स्वतःच्या.
पहिल्यांदा लाज वाटली
आपलाच पाय असा मांडीवर घेताना,
टाचेच्या भेगा कोण्या परक्याच्या वाटल्या,
ज्याला मी फार चालवलं होतं.

शालू अजून दार उघडताना
श्वास आत ओढते.
मी उंबऱ्यावर थांबतो,
घेऊ देतो तिला वास.
तेवढा तिचा हक्क आहे.

आज नंदनवनातलं एक गिऱ्हाईक
मोटर जळाली म्हणून सगळ्यांसमोर बोललं,
"बेवड्याले काम देल्लं, आपलीच चूक."
वायरिंग त्यानेच उलटं जोडलं होतं.
मी पाना पिशवीत टाकला, निघालो.
गाडीवर हात थरथरत होते.
मास्तरांचा फोन लागला नाही.
घरी आलो. सहा वाजून दहा.
जिभेच्या मुळाशी ते येऊन बसलं होतं,
पाय पसरून, घरच्यासारखं.

मग पाइप लावला.

पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं,
दिवसभर गच्चीवर तापलेलं.
ते वाहू द्यावं लागतं.
घाईने हात घातला की भाजतं.
मग कोमट.
मग केव्हातरी, नेमकं केव्हा ते सापडत नाही,
गार.
तिथे तळहात धरून उभा राहिलो.
त्या माणसाला मनात चार शिव्या दिल्या,
पाचवी देताना रडू आलं,
तेही येऊ दिलं, पाण्याजवळ कळत नाही.
वाळ्याचा वास उठला.
खालच्या गल्लीत कोणीतरी
तर्रीला फोडणी घालत होतं,
आणि मला भूक लागली.
साधी, पोटातली भूक.

"पप्पा, टाकी सांडून राहिली ना!"
त्रिवेणी आतून ओरडली.
पायाखाली सगळी गच्ची ओली.
मी घड्याळ बघायचंच विसरलो होतो.