चॅनेल पंधरा

अग्निशमन केंद्राच्या तळघरात आमचा स्टुडिओ.
वर भोंगा वाजला की खाली बोलणारा थांबतो,
बंब दाराबाहेर पडेपर्यंत
छताची भुकटी कॉफीत पडत राहते,
मग तो म्हणतो, तर मी काय सांगत होतो.
तेवढा भाग आम्ही कापत नाही.
आग कुणाकडे लागली, गावाने विचारावं तरी.

व्हरमाँटच्या नकाशात हार्टवेल मिल्स शोधायला
चष्मा लागतो, आणि थोडी माया.

सोमवारी एलवुड प्रुइट करवतीला धार लावतो,
अठ्ठावीस मिनिटं, अवाक्षर न काढता.
बुधवारी शाळेची मुलं हवामान सांगतात
खिडकीतून बाहेर बघून:
"बर्फ पडतोय." "अजून पडतोय."
आणि एकदा नुसतंच, "कॉर्लिसांचा कुत्रा!"
मधल्या वेळात निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं:
हरवला आहे, हातमोजा, डावा, लाल.
मेथडिस्टांकडे शनिवारी घेवड्याचं जेवण,
चमचा आपापला आणावा.

कोण बघतं हे?
एकोणीस वर्षांत मला एवढंच कळलंय:
चित्र नीट असलं की कुणी कुत्रं विचारत नाही,
चित्र गोठलं की चौथ्या मिनिटाला फोन.
म्हणजे आहेत. बसलेत कुठेतरी अंधारात,
गरम पाण्यात पाय सोडून.

पैसा येतो केबलच्या बिलातून, शंभरातले पाच.
गेल्या काही हिवाळ्यांत घराघरांतून केबल गेली,
आधी कॉलेजच्या रस्त्यावरून, मग टेकडीवरून,
आणि आमचे पाच
कुणी न बोलावता आटत गेले.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. नगरमंडळाची बैठक.
विषय सातवा: आम्ही.
सहा विषय मी मुकाट टिपले,
पुलाचा कठडा, मिठाच्या गोण्या, कुणाची तरी कुंपणाची कटकट.
मग आल्डन रस्क कागद आपटत म्हणाला,
एकतीस हजार! आणि बघतं कोण हे?
हे तो माझ्या कॅमेऱ्यात बघून म्हणाला.
केस सावरून.

"कुणाला बोलायचंय? तीन मिनिटं."
खुर्च्यांवर अकरा माणसं, सगळी आठव्या विषयासाठी आलेली.
माझा एक नियम होता,
तराजूने आपलं वजन सांगू नये.
मी तिपाईचा खटका आवळला
आणि पुढे चालत गेले.

लोकशाही वगैरे शब्द घोकून ठेवले होते,
ते आलेच नाहीत.
मी म्हणाले, ब्रिन टिबोडो, तू मंडळावर सगळ्यांत लहान,
नऊ वर्षांची असताना तू आमच्याकडे म्हणाली होतीस,
"आज ऊन आहे,"
आणि तुझ्या मागे खिडकीत धो धो पाऊस.
टेप आहे माझ्याकडे.
आल्डन, कठडा याच वर्षी होईल असं
तू चार वेगवेगळ्या स्वेटरांत म्हणालायस.
त्याही आहेत.
मग काय बोलावं सुचेना. मिनिट उरलं होतं.
ते तसंच उभं राहून संपवलं.

तीन विरुद्ध दोन. निम्मे पैसे, जूनपर्यंत.
निम्म्यात काय करतात ते बघू.
एलवुड म्हणतो, निम्मी करवतही कापते,
फक्त जास्त वेळ घासावं लागतं.
(कॅमेऱ्यापुढे हे कधी बोलणार नाही.)

सकाळी टेप बघितली.
फ्रेम बसलेल्या माणसांच्या मापाची,
आणि मी सहा फुटांची बाई.
मानेपासून कमरेपर्यंत मी:
तुटलेलं बटण,
हातात वायरीचं वेटोळं, ठेवायचं विसरलेलं,
बोलताना मी ते उलगडतेय आणि गुंडाळतेय.
कापायला हात गेला होता.
आम्ही कापत नाही.

गुरुवारी संध्याकाळी लावली.
चौथ्या मिनिटाला फोन.
"तुमचं डोकं दिसत नाही," म्हातारा, खरखरीत आवाज.
"कॅमेरा वर करा की."
"वर करायला मागे कुणी नव्हतं," मी म्हणाले,
"मी पुढे होते."
पलीकडे पाणी हलल्याचा आवाज.
"असू दे मग," ती म्हणाली,
"आठवा विषय कधी लागतोय?
कचऱ्याच्या गाडीचं काय ठरलं ते बघायचंय मला."