पान एकशे बारा

पहाटे साडेचारला उठतो,
ऊन उठायच्या आत चारशे शब्द व्हावेत म्हणून.
आज अकरा झाले.
त्यातले तीन खोडले.

वैजयंता तीन आठवड्यांपासून
मानेवाडा चौकात उभी आहे,
मे महिन्यात.
बसमधून उतरवली मीच,
पुढे कुठे जाते ते सुचत नाही.

आठला नंदनवार आला, कूलरच्या ताट्या बदलायला.
जुनं गवत उपसता उपसता म्हणाला,
"हे का लिहून रायले, सर? अर्ज?"
गोष्ट, म्हटलं.
"मंग अडलं कुठं?"
का कोण जाणे, सगळं सांगितलं त्याला.
स्क्रू दातात धरून ऐकत राहिला.
"तीन हप्ते उन्हात?
अन् डोक्याले दुपट्टा?"

दुपट्टा मी दिलाच नव्हता.

साडेतीनशे घेतले त्याने, वाळ्याचे वेगळे.
पंप सुरू झाला, खोलीभर ओला वास,
आणि माझी निघायची वेळ:
जिल्हा परिषद, दुसरा मजला, पेन्शनच्या फायली.

एका पायात चप्पल, तसंच वाकून
टेबलावर लिहिलं:
पानठेल्यावाल्याने स्टूल सावलीत सरकवला.
ती बसली.

मग दुसरी चप्पल शोधली.