रकाना क्रमांक नऊ

रोज किती, आणि किती वर्षं,
एवढंच विचारायचं असतं नवव्या रकान्यात.
पण मानवतला जिनिंगमागच्या वस्तीत
हा प्रश्न काढला की
माणसं आधी माझ्या चपलांकडे बघतात,
मग दाराकडे.

गफारचाचा म्हणाले, बंडलं सांगू का काडेपेट्या?
बंडल दिवसाला एक, ईदला दोन,
मिसरूड फुटायच्या आधीपासून.
मी लिहिलं : पंचवीस बिड्या, सत्तेचाळीस वर्षं.
गुणाकार मी केला नाही.
चाचाच करत बसले बोटांच्या पेरांवर,
लाखाच्या पुढं गेल्यावर थांबले.
"एवढ्या तर गाठी बी बांधल्या न्हाईत मी मिलीत."

हा रकाना फुकट नाही आला अर्जात.
जिल्हा परिषदेत, लाईट गेलेल्या दुपारी,
एक सदस्य उठले :
सोताच्या हातानं धूर गिळणाऱ्याच्या छातीचा फोटो
लोकांच्या पैशानं कामून काढायचा?
बाकं वाजली.
मग निकाळजे मॅडम, आवाज न चढवता :
विहिरीत पडलेल्याला दोर सोडायच्या आधी
विचारता का साहेब,
काठावर कशाला गेलता म्हणून?
सदस्यांचा हात खिशावर गेला.
खिशात पाकीट होतं. मी मागच्या रांगेत होते,
तिथूनही दिसलं.
ठराव दोन मतांनी पास.

पहिल्या महिन्यात कुणी आलं नाही.
फोटो फुकट होता,
परभणीला जायचा दिवस फुकट नव्हता.
मी तसंच लिहून दिलं वर,
वहीचं पान फाडून, कारण छापील नमुन्यात
"अडचण" असा रकानाच नव्हता.
चार महिन्यांनी कागद आला :
एका दिवसाची मजुरी, आणि एसटीचं भाडं.
तो कागद मी गावात दाखवत फिरले
मुलीच्या मार्कशीटसारखा.

धुरपतबाईचं नाव यादीत बसेना.
अर्जावर छापलेलं होतं, "पुरुषाचे नाव".
ती भट्टीच्या आडोशाला ओढते, नवरा गेल्यापासून.
लेकाला ठाऊक न्हाई, म्हणाली,
तुमच्या वहीला कसं सांगू?
मी समासात लिहिलं तिला,
बारीक अक्षरात, उभं.

सकाळची गाडी. चौदा जण.
खिडक्या उघड्या ठेवूनही बसमध्ये
जुन्या शर्टांचा वास.
दवाखान्यात यंत्र बाईच्या आवाजात हिंदीत म्हणालं,
साँस रोकिए.
धुरपतबाई म्हणाली, व्हय बाई.
श्वास सुटला. फोटो परत काढावा लागला.
बाहेर बाकावर बसलेले आम्ही
इतकं हसलो की शिपाई ओरडला.

चाचांचं काही निघालं नाही. पुढच्या वर्षी या, म्हणाले.
चाचांनी गेटाबाहेर बिडी काढली,
कानावर ठेवली,
आणि मानवत येईस्तोवर तशीच राहिली.
पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

धुरपतबाईच्या उजव्या बाजूला
तुरीच्या डाळीएवढं काहीतरी.
"ह्येला चांगलं म्हणावं का वंगाळ?"
डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं.
लवकर.
बावीस वर्षं या कामात आहे मी,
आमच्या उपकेंद्रात हा शब्द कुणी वापरत नाही.
तिथं सगळंच उशिरा येतं,
माणसं, गाडी, औषधंसुद्धा.
परतताना ती खिडकीशी बसली,
मांडीवर पाकीट उलटं धरून,
आणि पेडगावपाशी म्हणाली,
लेकाला सांगावं लागंल आता.
तिला डाळीची काळजी नव्हती,
बिडीची होती.

माझ्या ट्रंकेत एक अर्ज आहे.
नाव, वय, पत्ता माझ्याच अक्षरात.
टेम्पो रात्री उशिरा येतो,
यांची काडी अंगणात ओढलेली ऐकू येते,
मग खोकला, मग नळाचं पाणी.
अख्ख्या वस्तीला विचारून झालं,
घरात तोंड उघडत नाही.
सातव्या रकान्यापर्यंत एकटीनं भरला,
आठव्यात सही लागते,
नवव्यात खरं.
उद्या बाजार. परवा मतमोजणीची ड्यूटी.
शुक्रवारी गाडी आहे, एक जागा
मी कुणाला दिलेली नाही.