प्रश्न एकोणीस

सोहारचा कॅम्प, सी ब्लॉक, खोली चौदा.
आठ खाटा, एकावर एक. मधल्या फटीत
मी उकिडवा बसलो, गुडघ्यावर फॉर्म.
नाव लिहायचं नाही, हे मी तीन भाषांत सांगितलं.
दारातल्या फोरमनने चौथ्या भाषेत सांगितलं,
नुसता घसा खाकरून.

पहिले अठरा प्रश्न सरळ होते.
जेवण. झोप. पाठ. डोळ्यांपुढे अंधारी येते का.
मग एकोणीस: गेल्या तीस दिवसांत
डॉक्टरांनी न दिलेली गोळी, पावडर, किंवा धूर

नाही, विश्राम घाडी म्हणाला, प्रश्न संपायच्या आत.
नाही, टेकबहादूर म्हणाला, विश्रामकडे बघून.
नाही, इस्माईल चौगुले म्हणाला, छताकडे बघून.
एसीचं पाणी डालड्याच्या डब्यात पडत होतं,
खोलीत तेवढंच काय ते कुणाला न विचारता बोलत होतं.
आठ चौकोन, आठ फुल्या,
कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

फोरमनचा फोन वाजला, तो बाहेर गेला.
खोली जरा सैल झाली. कुणीतरी चहा ओतला.
तेव्हा लवू, कुडाळकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
म्हणाला, लिवा, मी दिवसाक चार घेतंय.
सगळे हसले. मग त्याने सहा केल्या.
इस्माईल म्हणाला, याच्या शब्दावर जाऊ नका,
याला तापाची गोळीसुद्धा गिळता येत नाही,
साखरेत कुटून द्यावी लागते.
लवूचे कान लाल.
मघाची फुली खोडू की राहू देऊ?
दारात माणूस असताना शून्य, नसताना सहा,
आणि पोरगा तोच, त्याच खाटेवर, पाय हलवत.

संध्याकाळी, कपडे वाळतात तिथे,
दोन ओल्या चादरींच्या मधे विश्रामने मला गाठलं.
मी काहीच विचारलं नव्हतं.
बारा तास क्रेनवर, म्हणाला,
एक घेतली की कंबर दुसऱ्याची होते,
दुखते, पण दुसऱ्याला.
महिन्याला किती?
तो अंगठा पेरांवरून फिरवू लागला,
एक बोट झालं, दुसरं झालं,
तिसऱ्याच्या मधल्या पेरावर
चादरीपलीकडे चप्पल वाजली.
यंदा हापूस लागलाच नाही म्हणे, विश्राम म्हणाला, मोठ्याने.
नाही ना, मी म्हणालो, मोहोरच गळला.
चप्पल गेली.
अंगठा परत पेरावर आला नाही.

ऑफिसात साहेबांनी बेरीज बघितली. शून्य टक्के.
छान, म्हणाले, स्वच्छ कॅम्प आहे.
मीही मान हलवली. पगार महिनाअखेरीस होतो.

कुणाला सांगितलं नाही ते असं आहे:
ट्रेनिंगच्या दिवशी हाच फॉर्म
आम्हालाही भरायला दिला होता, सरावापुरता.
गार हॉल, प्रत्येकाला वेगळं टेबल,
नाव नको, सही नको, भरून झाला की फाडून टाका.
एकोणीसवर मी डावा हात आडवा धरला,
गणिताच्या पेपरात धरायचो तसा,
आणि लिहिलं, नाही.
पँटच्या खिशात पट्टी होती, दहातल्या सहा संपलेली,
पाण्याचा टँकर रात्री चालवायचो तेव्हापासूनची.
कागद कुरकुरू नये म्हणून
पोट आत ओढून बसलो होतो.
फाडलासुद्धा मीच. बारीक.

शुक्रवारी वहिनीचा फोन येतो.
जेवतोस ना वेळेवर? झोप लागते ना?
मला माहीत आहे, हे दोन आणि पाच.
मागे भांडी वाजतात, टीव्ही चालू असतो,
आत्या विचारते, काय म्हणतो तो?
कधी कधी वहिनी मधेच गप्प होते,
जणू पुढचा प्रश्न तिच्याही हातात आलाय.
मी विचारतो, फोन स्पीकरवर आहे का?
हो, ती म्हणते, सगळे ऐकतायत.
मग बरा आहे मी.