दुसऱ्या बाजूला उरलेलं

बाबलमामा माझगावच्या सुक्या गोदीत फिटर.
सत्त्याऐंशी साली मुर्मान्स्कहून आलेल्या बोटीच्या
पंपखोलीत काहीतरी मोडलं होतं.
त्यातून मामाला मिळालं ते एवढं: ओव्हरटाइम,
भाजलेला अंगठा, आणि कॉफीच्या दोन डब्यांच्या बदल्यात
जांभळ्या शाईत काहीतरी लिहिलेली कॅसेट.
"गाणी आसत म्हणता. तुका व्हयी तर घे.
माका तर भांडाण वाटता."

भांडणच होतं.
एक माणूस जिन्यात उभा राहून कुणाला तरी
खालच्या आवाजात सुनावतोय,
मागे पत्र्याच्या डब्यावर कुणी बडवतंय, थांबत नाही.
कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी असावी;
खरखर आवाजाच्या पुढे चालायची,
जशी म्हणे तिथल्या थंडीत
माणसाच्या पुढे त्याची वाफ.
बर्फ मला ठाऊक तो भाऊच्या धक्क्यावरचा,
पापलेटांवर फावड्याने ओढलेला.

चौथ्यांदा ऐकताना एक शब्द सुटा झाला:
द्व्येर.
संस्कृतला शंभरात एकोणचाळीस मिळवणारा मी
गादीवर उठून बसलो.
द्वार!
मग अगोन्. अग्नी.
मग कुणीतरी गाणं सुरू व्हायच्या आधी मोजलं,
द्वा, त्री, चितिरे,
आणि आठल्येबाईंची पट्टी हातावर आली.
तीन-चार किल्ल्यांवर मी अख्खं गाणं उघडलं.
माझ्या गाण्यात घराला आग लागली होती, दार सापडत नव्हतं.
पुढे पेडर रोडच्या संध्याकाळच्या वर्गात कळलं,
तो एवढंच म्हणत होता:
दार लोटून घे,
शेगडी विझत आलीय.

डाबूळच्या हिलरी मिनेझिसला ऐकवलं.
रात्री लग्नांत गिटार, दिवसा डोळ्यांवर रुमाल.
रुमाल न काढता म्हणाला,
"बेस लंडनचा.
ही कात्री चालवल्यासारखी गिटार जमैकाची,
लंडनवाल्यांनी उचललेली, यांनी त्यांच्याकडून.
बासरी... बासरी कोण घालतं यात?
हां. तीपण इंग्लिशच."
मग रुमाल काढला.
"पण हा रडतो कसा बघ.
हे रडणं कुठून नाय आणलं. हे त्याच्या गल्लीतलं."

मी हिरमुसलो.
मला ते सगळं तिथलंच हवं होतं,
काळं, गोठलेलं, एका तुकड्यात.
हिलरीने माझ्या चहात बुडालेल्या पावाकडे बोट केलं.
"हा कुणाचा?"
पाव तुटून कपात पडला.

गाणी संपली तरी बटण दाबायचं राहिलं,
म्हणून ऐकू आलं.
खरखर. एक खटका. आणि
हिंदी!
पुसायचं राहून गेलेलं अर्धं कडवं,
मुर्मान्स्कच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात
रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून घेतलेलं;
मागे नळ चालू, कुणी बाई खोकते.
खलाशाच्या आईची कॅसेट असणार,
मुलाने तिच्यावर आपला राग भरला,
दीड मिनिट कमी पडला.
गाणारणीच्या मागे व्हायोलिनांचा ताफा.

हिलरी उभाच राहिला.
"मागे घे."
घेतलं.
"पप्पा असायचे स्टुडिओत. दुसरी रांग.
परत घे."
चाळीस व्हायोलिनं, अकरा सेकंद.
"यातलं कुठलं?" मी विचारलं.
"काय माहीत. घे मागे."

हिलरी बहारीनला गेला, त्यालाही वर्षं झाली.
मी औषधांच्या खोक्यांतली पत्रकं रशियनमध्ये लिहितो:
दिवसातून तीनदा, जेवणानंतर,
मुलांच्या हाती लागू देऊ नये.
कॅसेट कधीतरी लावतो.
फीत एकाच जागी विरली आहे,
जिथे आम्ही सारखं मागे घेत होतो तिथे.
तिथे आता नुसता नळ वाहतो.
भांडण मात्र शाबूत आहे.