एकोणीस विळे

मला परीक्षक केलंय, कारण चित्रकलेचे सर
वणीला लग्नाला गेलेत.
मी रक्त तपासणारा माणूस.
ग्रामीण रुग्णालय, सुरगाणा, खोली नंबर चार,
दाराचं वरचं बिजागर निखळलेलं.

आश्रमशाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून
पोस्टर टांगलेत, कपडे वाळत घालावेत तसे.
डिसेंबरचा वारा डोंगरावरून सरळ आत घुसतो.
चित्रांवर नावं नाहीत, नुसते क्रमांक,
पक्षपात व्हायला नको म्हणून.
माझ्या नळ्यांवरही असेच क्रमांक असतात,
तिथं मात्र कुणाला पहिलं यायचं नसतं.

एकूण सव्वीस चित्रं. एकोणिसांत विळा.
लाल विळा, काळा विळा, दात विचकणारा विळा,
एका विळ्याला तर चक्क मिशा.
पोरांचं काय चुकलं? माहितीपत्रकात लिहिलंय,
पेशी विळ्यासारखी वाकडी होते,
आणि विळा घरोघरी आहे.
परवापर्यंत नागली कापत होता,
आता कुडाला खोचून ठेवलेला.
त्या बिचाऱ्यानं कुणाचं काय वाईट केलं?

मग घोषवाक्यं.
‘आधी रक्त जुळवा, मग हळद कालवा.’
दहापैकी नऊ.
(माझं कार्ड पिवळं, बायकोचं पांढरं.
आम्ही सुटलो, असं मी एकदा बोलून गेलो,
रांगेत लाल कार्डवाली एक आई उभी असताना.)
‘थंडीत अंग झाका, पाणी प्यायला चुकू नका.’
आठ.
‘सिकलसेलवाल्यांपासून चार हात लांब राहा.’
इथं पेन अडलं.
अक्षर मोत्यासारखं, भोवती सोनेरी किनार.
शून्य देता येत नाही, गांगुर्डे बाई म्हणाल्या,
कमीत कमी तीन.
मी तीन दिले, आणि त्या पोराला बाजूला घेऊन
त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायलो.
हा आजार उष्ट्यानं लागत नाही, रे.
लागतो तो जन्माच्या आधी.

क्रमांक अकरा. विळा नाही, घोषवाक्य नाही.
एक खाट. खाटेवर पोर, गुडघे पोटाशी.
आई फडक्यात गुंडाळलेली गरम वीट
त्या गुडघ्यांवर धरून बसलेली.
भिंतीवर घड्याळ, दोन वाजून दहा.
शेजारी ओळीनं झोपलेली भावंडं,
त्यातल्या एकाचे डोळे उघडे.
डावी बाजू रंगवलेली. उजवी कोरी.

‘रंग संपले का गं?’
‘नाही सर. बोटं संपली.’

ती बोटं मला माहीत होती.
फेब्रुवारीत मीच टोचली होती.
सुगंधा भोये, नववी अ.
ती ओरडली नव्हती, नुसतं विचारलं होतं,
एवढंसं पुरतं का?

गुणपत्रकात रकाने चार:
मांडणी, रंगसंगती, स्वच्छता, संदेश.
खाली बारीक अक्षरात नियम सहा:
अपूर्ण चित्र बाद.
मी भांडलो. फार नाही, माझ्या स्वभावाइतकं.

पहिला नंबर मिशावाल्या विळ्याला दिला,
म्हसे आडनावाचा सहावीतला मुलगा.
कारण त्या चित्रापुढं पोरं खदखदून हसली
आणि हसता हसता तो शब्द मोठ्यानं बोलली,
जो घरी चुलीपाशी
बारीक आवाजात बोलतात.
बक्षीस स्टीलची पाण्याची बाटली.
सगळ्यांनाच बाटल्या मिळाल्या, बाद झालेल्यांनाही.
ही अक्कल कुणाची, कळलं नाही.

क्रमांक अकरा मी मागून घेतलं.
खोली चारमध्ये लावलंय, खुर्चीच्या समोर,
म्हणजे सुई टोचताना बघायला काहीतरी.
लोक विचारतात, अर्धंच का काढलंय?
मी सांगतो. रोज सांगतो.
कुणी हात मागे घेतो, कुणी पुढे करतो.

महिनाअखेरीला सुगंधा गोळ्या न्यायला आली.
स्वेटरच्या बाह्या पार बोटांपर्यंत.
बराच वेळ चित्राकडं बघत राहिली.
‘सर, घड्याळ चुकलंय.
तेव्हा तीन वाजून गेले होते.’

मी पेन दिलं.
तिनं काटा सरकवला,
कोरी बाजू तशीच ठेवली.