दुसऱ्यांदा

पहिल्यांदा काहीच होत नाही.
अंड्यातल्या पांढऱ्याचा थेंब सुईतून पोटात जातो,
गिनिपिग अंग झटकतो
आणि कोबीच्या पानाकडे वळतो.
मी वहीत तारीख टाकते. तेवढंच.

मग एकवीस दिवस थांबायचं.
सिद्राम सकाळी मंडईतून सायकलच्या हँडलला
पाल्याची पिशवी अडकवून येतो.
जिन्यावर त्याची चप्पल वाजली रे वाजली
की एकूण एक पिंजरा शिट्ट्या घालतो.
माझ्या पावलाला कुणी शिट्टी घालत नाही.
बरोबरच आहे.

बाविसाव्या दिवशी कात्री माझ्या हातात.
श्वासनलिका बोटाच्या दोन पेरांएवढी;
कापून तिच्या कड्या करते, बाहुलीच्या बांगड्यांसारख्या,
दोऱ्याने एकीखाली एक बांधते
आणि खारट कोमट पाण्यात सोडते.
सदतीस अंश. खालून बुडबुडे.
आता प्राणी नाही, मेंदू नाही,
भीती तर नाहीच; रक्तही धुऊन टाकलंय.
उरलाय एक पातळ स्नायू,
जो जिवंतपणीही कुणाचं ऐकत नव्हता.
काजळी धरलेल्या ड्रमवर
लिव्हरचं टोक सरळ रेघ ओढत बसतं.

शेजारच्या नळीत दुसऱ्या एकाच्या कड्या.
यांना अंडं कधी भेटलेलं नाही.
दोन्हीकडे एकेक थेंब.

इकडे रेघ तशीच, दुपारच्या कालव्यासारखी.
तिकडे ओळख पटते.
क्षणभर काही नाही, मग काजळीत
पांढरा कडा उभा राहतो
आणि उतरायचं नाव घेत नाही.
धुते. परत धुते.
तिसऱ्या पाण्याला कुठे जरा सैल होतो.

सिद्राम मागे उभा होता, घमेलं हातात.
"मेल्यावरबी चिडतंय व्हय, मॅडम?"
चिडत नाही, म्हटलं. ओळखतं.
"मग ते एकच की."

कागद लाखेत बुडवून तारेवर वाळत घातले,
सरांना उंची मिलिमीटरमध्ये हवी होती.

त्या हिवाळ्यात सिद्राम खोकायला लागला.
म्हणाला, कालव्याच्या कडेनं गाजरगवत माजलंय,
सायकल तिथूनच येते.
मी मान डोलावली.
पण रविवारी त्याला पर्वती चढताना पाहिलं होतं,
धाकट्या पोरीला खांद्यावर घेऊन, गप्पा मारत.
आणि सोमवारी, भुसा बदलून झाल्यावर,
पिंजऱ्यांच्या शिट्ट्यांत
एक शिट्टी जास्तीची.

भिंतीला टेकून, खांदे वर ओढून,
तो श्वास आत घेत नव्हता, बाहेर ढकलत होता.
अकरा वर्षं याच केसांत, याच मुतात,
याच उबेत हात घालून.
अकरा वर्षं काहीच होत नव्हतं.

मला दिसत होतं आतमध्ये काय चाललंय.
कड्या. एकीखाली एक.
फक्त दोरा नाही, ड्रम नाही,
आणि धुवायला तिसरं पाणी नाही.

"सरांना नका सांगू," इतकंच बोलला तो,
दोन दमांत.
थोरली दहावीला होती.
वॉचमनच्या जागेवर साहेबांच्या गावचा माणूस.
मी सांगितलं नाही.
चांगलं केलं की वाईट, वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

सोमवारचा भुसा मी बदलू लागले, मग बुधवारचाही.
तो दाराबाहेर उभा राहून सांगायचा:
तिसऱ्या पिंजऱ्यातली गाभण आहे, दांडा देऊ नका,
कोवळं पान द्या.
नाकावर रुमाल बांधून मी द्यायचे.

फेब्रुवारीत एकदा
पिशवी घेऊन जिना चढत होते.
सहाव्या पायरीवर असेन;
वरून शिट्ट्या सुरू झाल्या, सगळ्या एकदम.
मागे वळून पाहिलं.
सिद्राम आलेला नव्हता.

पिशवीत कोबी होता.
खिशात उद्याची यादी.
पाय उचलेना.